लिलीनं घेतलेलं नाव

"आदिलाबादला? हवा खायला?" बॅग घेऊन घराबाहेर पडले तर आमच्या नगरच्या गल्लीत जो तो हेच विचारत होता. महाबळेश्वर नाही, गोवा नाही, आणि म्हणे आदिलाबाद! पण अध्यापक विद्यालयात माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारी वत्सला तिथली. जिल्हा तेलंगणातला, पण तिचं गाव मराठी बोलणारं, कापूस आणि ज्वारी पिकवणारं. राज्यं बदलली, पाट्या तेलुगूत झाल्या, तरी चुलीपुढची भाषा काही बदलली नाही. दर जानेवारीला तिचा फोन येतो, "ज्वारी हुरड्यावर आली वं, कवा येऊन राह्यली?" आणि दर जानेवारीला मी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणून फोन ठेवते. या वर्षी मात्र गेले, आणि सोबत लिलीला घेऊन गेले.

लिली हे तिचं खरं नाव नाही. ती ब्रह्मदेशातल्या एका डोंगराळ गावची. तिथं लष्करानं निवडून आलेलं सरकार मोडून सत्ता बळकावली आणि लोक रस्त्यावर उतरले, त्यांत तिचा नवरा होता. चर्चचा गायनमास्तर. त्याला धरून नेलं आणि तो अजूनही तुरुंगात आहे. लिली नदी ओलांडून भारतात आली आणि ओळखीपाळखीतून होत होत आमच्या चर्चच्या मुलींच्या वसतिगृहात पेटी आणि गाणं शिकवायला लागली. बाहेरदेशी जाऊन तिनं तोंड उघडलं असं तिथं कळलं, तर त्याचे हाल त्याला आत भोगावे लागतील. तिच्या ओळखीच्या एका बाईच्या नवऱ्याला तसे भोगावे लागलेत. म्हणून तिचा फोटो काढायचा नाही, गाव विचारायचं नाही, आणि नवऱ्याचं नाव तर ती कुणालाच सांगत नाही.

पण तिच्या गावच्या चर्चमध्ये एक रीत होती. आजारी, अडलेले, तुरुंगातले, ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्या प्रत्येकाचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं. आमच्याकडे दर रविवारी "तुरुंगातल्या एका बंधूसाठी" प्रार्थना होते, तेव्हा लिली मान खाली घालून बसते. "अगं, देवाला ठाऊक आहे ना कोण बंधू ते," मी एकदा म्हटलं. ती म्हणाली, "देवाला ठाऊक आहे. पण त्याचं नाव ऐकलेलं एकही माणूस इथं माझ्याजवळ नाही." तिला एवढंच हवं होतं, चार माणसांत त्याचं नाव घ्यायचं, आणि नेमकं तेच करता येत नव्हतं. दिवसेंदिवस ती वाळत चालली होती. शेवटी मी म्हटलं, चल माझ्याबरोबर, निदान हुरडा तरी खा.

इचोडा

आगगाडीचं काय सांगायचं, ती नेहमीप्रमाणे उशिरा पोचली. आदिलाबादला उतरले आणि दातावर दात वाजायला लागले. तेलंगणात कसली आलीय थंडी, असं आमच्या ह्यांना ठणकावून सांगून मी स्वेटर घरीच ठेवला होता. लिली डोंगरातली, ती मजेत होती. इचोड्याला बस बदलायची होती, तिथं मी आधी बाजार गाठला. हायवेवरचं गाव, ट्रकांची रांग, टायरवाले, चहावाले, बियाण्यांची दुकानं. दुकानदार एका गिऱ्हाइकाशी तेलुगूत बोलत होता, म्हणून मी आपली हिंदी बाहेर काढली. "भैया, ये कानटोपी कितने को? बहोत जादा होता है, कुछ कम करो ना." त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, मराठीत बोला ना. काऊन जीभ वाकडी करून राह्यल्या?" दर मात्र त्यानं मराठीतही कमी केला नाही. ती चॉकलेटी माकडटोपी घालून मी पुढचे सगळे दिवस हिंडले.

धाब्यावर जेवायला बसलो तर वाढणाऱ्यानं लिलीकडं बघून विचारलं, "मॅडम नेपाल से?" लिली म्हणाली, "हाँ." थोड्या वेळानं गल्ल्यावरचे मालक आले. "दार्जिलिंग?" लिली म्हणाली, "हाँ." मी तिला टेबलाखालून पाय मारला.

"अगं, एकाला नेपाळ आणि एकाला दार्जिलिंग?"

"ज्याला जे गाव बरं वाटेल ते माझं," ती म्हणाली. आम्ही दोघी मोडक्या इंग्रजी-हिंदीत बोलतो, मी इथं ते मराठीत लिहितेय. "हो म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. नाही म्हटलं की मग कुठली, कशाला आली, कुणाबरोबर आली, सगळं येतं."

तिच्याजवळ कागदपत्रं आहेत, तरीही विचारणारा माणूस दिसला की ती पिशवीतले कागद चाचपते. मला इतका संताप आला की डाळीत मीठ जास्त आहे म्हणून मी उगाच त्या वाढणाऱ्याशी भांडले. मीठ बरोबर होतं.

वत्सलाचं घर

नेरडीगोंड्याकडं जाताना हायवे सोडून आत वळलं की दोन्ही बाजूंना कापूस लागतो. वेचणी चालू होती. बायका कमरेला ओटी बांधून ओळीनं चालल्या होत्या आणि एकमेकींची थट्टा करत होत्या. वत्सला फाट्यावर उभीच होती. "आली का वं माय! किती वाळली तू!" असं तिनं मला म्हटलं, जे साफ खोटं आहे. मग तिनं लिलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि काही न विचारता म्हणाली, "चाल, भाकर खाय." इकडच्या बायका "मी जातो, मी करतो" असं बोलतात. पहिले दोन दिवस मला सारखं वाटायचं की मागून कुणी गडीमाणूस बोलतोय.

वत्सलाला मी फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं. तिचे यजमान रामराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, त्यांनाही माहीत होतं. घरातल्या एका खोलीत छतापर्यंत कापूस भरला होता, भाव येईपर्यंत तो तिथंच राहणार होता. आमची खोली त्याच्या शेजारी. मी शिंकून शिंकून बेजार झाले.

जेवायला ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि अंबाडीची भाजी. लिलीनं अंबाडीचा पहिला घास घेतला आणि हात थांबला. मला वाटलं, आंबट लागली. "ही आमच्याकडची भाजी आहे," ती म्हणाली. "हीच. आई वाळवलेले मासे घालून करायची." इकडं बाजारात तेलुगूत तिला पुंटीकूर म्हणतात, आपल्याकडं अंबाडी, आणि लिलीच्या देशातही तीच पानं रोजच्या जेवणात. वत्सलाला हे सांगितल्यावर तिनं अख्खी कढई लिलीपुढं ओढली. नगरला आल्यापासून लिलीला इतकं जेवताना मी पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात शेजारच्या गोदूबाई आल्या. वय विचारू नये अशा, पण आवाज असा की दोन शेतांपलीकडं जावा. बरोबर त्यांची सून रेखा. गोदूबाईंनी लिलीच्या समोरच बसकण मारली. "लगन झालं का वं तुह्यं?" मी भाषांतर केलं. लिलीनं मान हलवली, झालंय. "मंग मालकाचं नाव काय?" लिलीनं माझ्याकडं पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

गोदूबाईंचा चेहरा एकदम खुलला. "पाय वं वत्सले! वळनाची बाई हाय. नवऱ्याचं नाव घेत नाई! नाई तं आमच्या पोरी, संतोष इकडे ये, संतोष तिकडे जाय!" रेखा हसायला लागली, कारण संतोष तिचाच नवरा. मग रामरावांनी गोदूबाईंची कथा सांगितली. मतदार याद्या करायला आलेल्या माणसानं नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा या बाईनं नाव न घेता पारावरच्या देवळाकडं बोट दाखवलं, "ते बसले ना देवळात, तेच." नवऱ्याचं नाव मारुती. त्या माणसानं लिहून घेतलं हनुमान. कित्येक वर्षं म्हाताऱ्यानं हनुमान म्हणूनच मत दिलं. गोदूबाई म्हणाल्या, "नाव बदललं तं बदललं, मत तं गेलं ना बरोबर!"

लिलीला मी हे सगळं समजावलं तेव्हा ती पोट धरून हसली. तिच्या गप्प बसण्याला अशी शाबासकी मिळेल असं तिला स्वप्नातही वाटलं नसेल. मीही तो गैरसमज तसाच राहू दिला. पुढं एक गंमत झाली. लिली नवऱ्याबद्दल काही सांगताना इंग्रजीत "ही... ही..." म्हणायची. गोदूबाई शेवटी वैतागल्या. "कवाची ही ही करून राह्यली, हे ही कोन व्हय? हिची बहीन हाय का?"

या हसण्याखिदळण्यात कधी कोण जाणे, रेखानं मोबाईल काढला. अंबाडी खाणारी परदेशी पाहुणी, दिसतेही गोड, तिनं व्हिडिओ काढला आणि स्टेटसला टाकून मोकळी झाली. माझं लक्ष गेलं आणि मी ओरडले. इतक्या जोरात ओरडले की कुत्रं भुंकायला लागलं. बिचारीनं घाबरून लगेच काढून टाकला. पण लिलीनं ओढणी तोंडावर ओढली होती. ती उठून कापसाशेजारच्या आमच्या खोलीत गेली आणि त्या दिवशी पुन्हा काही जेवली नाही. रेखाला कळेना आपलं काय चुकलं. गोदूबाई मला म्हणाल्या, "येवढी कायले कावते वं माह्या सुनेवर? फोटोच तं काढला!" आणि सुनेला घेऊन तणतणत निघून गेल्या.

ज्वारीत

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मला लिलीनं गदागदा हलवून उठवलं. पायात चप्पल नाही, हातात माझी पर्स. "उठा. मागच्या दारानं. लवकर." बाहेर कुठंतरी पत्र्याचा डबा वाजत होता, ढँग ढँग ढँग, आणि मधूनच कुणीतरी आरोळी देत होतं. मला काही उमजेना. लिलीनं मला ओढत मागच्या दारी आणलं, तिथून ज्वारीत. आम्ही दोघी दवानं भिजलेल्या ज्वारीत वाकून बसलो, मी त्या माकडटोपीत. डबा तर आणखी जवळ वाजायला लागला. समोरची ताटं हलली आणि त्यातून गोदूबाई बाहेर आल्या, एका हातात डबा, एका हातात काठी.

"अवं माय! तुमी इथं काय करून राह्यल्या?"

त्या पाखरं हाकत होत्या. कणसात दाणा भरला की उजाडताच पोपट आणि चिमण्या उतरतात, मग डबे वाजवावे लागतात. आमच्याकडंही हे आहे, मी लहानपणी स्वतः वाजवलेत. पण लिलीच्या देशात लष्कर आलं तेव्हा लोक रोज संध्याकाळी घराघरातून ताटं, पातेली वाजवायचे, निषेध म्हणून. पुढं धरपकड सुरू झाली आणि त्याच आवाजाचा अर्थ बदलला. गल्लीत गाडी शिरली की पहिल्या घरानं डबा वाजवायचा, मग दुसऱ्यानं, म्हणजे ज्याला लपायचं त्यानं लपावं. तिच्या नवऱ्याला नेलं त्या पहाटे डबे वाजलेच होते. तो मागच्या दारानं निघालाही होता. पण चष्मा घ्यायला परत फिरला.

हे लिलीनं मला तिथंच, ज्वारीत बसून सांगितलं, आणि मी एकेक वाक्य गोदूबाईंना सांगत गेले. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. तो तुरुंगात आहे, तिचा चेहरा किंवा त्याचं नाव बाहेर गेलं तर त्याला मारतील, सगळं सांगितलं. गोदूबाई डबा पोटाशी धरून ऐकत होत्या. पोपटांचा थवा त्यांच्या डोक्यावरून कणसांवर उतरला, तरी त्यांनी मान वर केली नाही. शेवटी म्हणाल्या, "मंग काल नाव नाई घेतलं ते यासाठी?" मी हो म्हटलं. "आन मी कायच्या काय बोलली," असं म्हणून त्यांनी डबा तिथंच मातीत ठेवला.

आम्ही होतो तेवढे दिवस त्या शेतात डबा वाजला नाही. गोदूबाई तोंडानंच "हाऽऽ हो, हाऽऽ हो" करत हिंडल्या आणि त्यांचा तो दोन शेतांपलीकडं जाणारा आवाज पार बसला. पाखरांनी तेवढ्यात चांगलाच हात मारून घेतला.

त्या दिवशी दुपारी त्याच शेताच्या बांधावर आगटी पेटवून हुरडा भाजला. गरम कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारायची आणि गूळ नाहीतर चटणीबरोबर तोंडात टाकायचं. नगरच्या आणि इथल्या हुरड्यात एवढाच फरक की इथं शेजारी कापूस फुटलेला असतो आणि हुरड्यातून मधूनच कापसाचा तंतू दाताखाली येतो. रामराव लिलीला हुरडा चोळून देत होते. त्यांच्या बोलण्यात कचेरीतली जुनी उर्दू ठासून भरलेली. मला म्हणाले, "इचारा तिले, मुकद्दमा कोन्त्या दफेखाली हाय?"

मी विचारलं. कोणतं कलम, लिलीला माहीत नव्हतं.

"तारीख कवा पडते?"

पडत नाही.

"वकील?"

लष्कराचं कोर्ट, बंद दार, आत वकील नाही. थोड्याच वेळात निकाल.

"जमानत? अपील? वरच्या सायबाले दरखास्त देता येते ना? मी लिहून देतो, तिनं फक्त दस्तखत करावं."

दरखास्त घ्यायलाच तिथं कुणी बसत नाही, लिली म्हणाली. रामराव हुरडा चोळायचे थांबले. म्हणाले, "सारी नोकरी मी लोकायले उद्या या, उद्या या म्हनलं. लोक मले शिव्या देत. द्यायलाच पायजे होत्या. पन माह्या टेबलावर दरखास्त घेत तं होतो ना मी." आणि मग ते बांधावरून उठून विहिरीकडं निघून गेले. वत्सला म्हणाली, राहू दे, त्याइले डोळे पुसायचे असले की ते विहिरीवर जातात.

लिलीनं त्या दुपारी पहिल्यांदा नवऱ्याबद्दल भरभरून सांगितलं. त्याला गाण्यात एक चूक खपत नसे. मोर्चे सुरू झाले तेव्हा चर्चच्या वडील मंडळींनी त्याला बोलावून बजावलं, चर्च वेगळं, राजकारण वेगळं. तो म्हणाला, "मला राजकारण करायचं नाही. माझे शेजारी रस्त्यानं चाललेत, मला त्यांच्याबरोबर चालायचंय." विहारातले भिक्खू पुढं होते, मशिदीतली मुलं पाणी वाटत होती, आणि यानं आपलं अख्खं गायनमंडळ चौकात उभं करून चार सुरांत गायला लावलं. एक बाई बेसूर गायली म्हणून मोर्चा थांबवून तिला पुन्हा सूर दिला. पुढं सैनिक त्या चर्चमध्येच मुक्कामाला राहिले आणि बाकं फोडून त्यांनी चुलीत घातली.

आम्हा ख्रिस्ती माणसांना सत्ताधाऱ्यांचा मान राखायला शिकवलेलं असतं, आणि सत्ता देवाच्या आड आली तर देवाचं ऐकायलाही शिकवलेलं असतं. कुठलं कधी, यावर आमच्या चर्चच्या पंचकमिटीत चहा गार होईपर्यंत वाद होतात. लिली आली तेव्हाही झाले. प्रार्थना करू, पण मोर्चाबिर्चाचं नाव नको, असं बाकीचे म्हणाले. मी तिथंच म्हटलं, माणूस गाणं म्हटलं म्हणून आत आहे आणि आपण दर रविवारी गातो, तर हे आपलं नाही तर कुणाचं? आपल्याकडं सगळं आलबेल आहे असंही मी म्हणणार नाही. घरी चार माणसं प्रार्थनेला बोलावली की खिडकी लावून घेणारे लोक अलीकडं माझ्याही ओळखीत आहेत. पण मी त्यावर मोठ्यानं भांडू शकते, आणि भांडतेच, हवं तर आमच्या गल्लीत विचारा.

रविवार

सकाळी वत्सलानं ओसरी सारवून दिली. "तुमाले प्रार्थनेले काय काय लागते? फुलं? उदबत्ती? नारळ?"

"काही नाही गं. बसायला जागा दे."

"बस, येवढंच? लय सस्ता हाय बापा तुमचा देव!" असं म्हणत तिनं तरीही एक झेंडूचं फूल आणून आमच्यापुढं ठेवलं आणि स्वतः मागं भिंतीला टेकून बसली. लिलीनं तिच्या भाषेत गाणं म्हटलं, मी प्रार्थना केली. तुरुंगातल्या बंधूसाठी, म्हणताना मला माझीच लाज वाटली. लिलीनं आमेन म्हटलं, पण ते ओठांतच राहिलं.

दुपारी वत्सलाकडं हळदीकुंकू होतं. संक्रांतीनंतरचे दिवस, घरोघरी चालूच असतं. बायकांनी ओसरी भरून गेली. वत्सला हळदीकुंकवाची कोयरी घेऊन माझ्यापुढं आली आणि थबकली. मी म्हटलं, कुंकू राहू दे, तिळगूळ दुप्पट दे. तिनं तसंच केलं आणि लिलीच्या केसांत शेवंती माळली. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आणि मग सुरू झालं, "नाव घ्या, नाव घ्या!" आम्ही ख्रिस्ती असलो तरी लग्नात उखाणे घेतोच, मला हे नवं नव्हतं. पहिली रेखा उठली.

"कापसाच्या ढिगावर बसली मैना,
संतोषरावचं नाव घेतो, घरी वेळेवर येईना!"

हशा पिकला. "आयकू नाई आलं, आयकू नाई आलं!" बायका ओरडल्या, आणि रेखानं पुन्हा घेतलं, आणखी ठसक्यात. ही तर सगळीकडचीच रीत, नाव घेतलं की ऐकू नाही आलं म्हणायचं. एकेक करत फेर लिलीपाशी आला. ज्यांना काही ठाऊक नव्हतं त्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या, "पाव्हनीनं नाव घेतलं पायजे!"

"तिले नोको म्हनू!" गोदूबाई बसलेल्या आवाजात खेकसल्या. सगळ्या चपापल्या.

लिलीनं मला विचारलं, "या काय मागतायत?" मी सांगितलं, इथं प्रत्येक बायको सगळ्यांसमोर नवऱ्याचं नाव घेते.

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

"आणि बाकीच्या ऐकतात?"

ती हे अगदी पुढं सरकून विचारत होती. मला कळलं तिच्या मनात काय आलंय. मी म्हटलं, "नाही लिली. इतक्या बायका आहेत. संध्याकाळपर्यंत नाव तीन गावांत जाईल. कुठून कुठं पोचेल, सांगता येत नाही. त्याच्या जिवाशी खेळ नको." ती हात घट्ट धरून बसली.

गोदूबाईंनी मला विचारलं, काय म्हणते? मी सांगितलं. तिला नाव घ्यायचंय, मनापासून घ्यायचंय, पण मला धीर होत नाही. गोदूबाई कमरेवर हात ठेवून उठल्या. त्यांनी बायकांना थोडक्यात सांगितलं, हिचा मालक परदेशात कैदेत हाय, नाव फुटलं तर त्याले मारतात. मग माझ्याकडं वळल्या.

"बाई, तुमी नगरच्या, शिकेल. आमचं आयका. माह्या सोताच्या नवऱ्याचं नाव आजलोक माह्या तोंडातून गेलं नाई. सरकारनं इचारलं तरी गेलं नाई. मंग दुसरीच्या नवऱ्याचं कायले जाईन? दुसरीच्या नवऱ्याचं नाव आमच्यात कोन घेते का वं?"

"नाई नाई!" बायका म्हणाल्या. एकीनं तर कानाला हात लावला.

मी हे लिलीला सांगितलं. तिला दोनदा सांगावं लागलं. तिच्या नवऱ्याचं नाव तिच्याशिवाय इथं कुणीही तोंडात घेणार नाही, आणि तेही भीतीनं नाही, तर ते बरं दिसत नाही म्हणून. माझ्या सगळ्या शहाणपणात हे कुठं बसलं नव्हतं. रेखा आपणहून उठली. तिनं सूप फिरवलं, प्रत्येकीचा मोबाईल त्यात घातला, स्वतःचा सगळ्यात आधी, आणि सूप कापसाच्या खोलीत ठेवून कडी लावून आली.

लिली उभी राहिली. पदर नव्हता, तिनं ओढणी डोक्यावर घेतली. तिच्या भाषेत दोन ओळी म्हणाली, त्यांच्या चर्चमध्ये नाव घेण्याआधी म्हणतात त्या. मग ओठ हलले, आणि मी शेजारी असूनही मला काही कळलं नाही.

कोण बोललं कोण जाणे, सवयीनंच बोलली असेल, "आयकू नाई आलं!"

लिलीनं पुन्हा नाव घेतलं. या वेळी पहिल्या ओळीतल्या बायकांनी ऐकलं असेल.

"आयकू नाई आलं वं माय," गोदूबाई म्हणाल्या. त्या रडत होत्या.

तेव्हा लिलीनं नाव घेतलं, गळा मोकळा करून, गाणाऱ्या बाईच्या आवाजात, संपूर्ण, त्याच्या बापाच्या नावासकट.  मग गोदूबाई म्हणाल्या, "आलं. आता आलं आयकू." वत्सलानं लिलीला छातीशी धरलं आणि लिली हमसून हमसून रडली, इतक्या महिन्यांचं सगळं एकदम.

डोळे पुसून ती मला म्हणाली, "आता प्रार्थना करा." बायकांनी आपण होऊन डोक्यावर पदर घेतले. मी उभी राहिले, आणि "तुरुंगातला एक बंधू" असं म्हटलं नाही. त्याचं नाव घेतलं. ते नाव आता मला नीट म्हणता येतं. इथं लिहीत नाही.